एपकॉटचा नाताळ सोहळा: जेवणासह राखीव आसनाचे पॅकेज घ्यावे की रांगेत उभे राहावे?

डिसेंबरमध्ये फ्लोरिडाला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्यांना मुलांच्या शाळेची सुट्टी त्याच काळात मिळते, आणि भारतातून आलेले आई-वडीलही बहुधा त्याच सुमारास मुक्कामाला असतात. अशा कुटुंबांना ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील एपकॉट उद्यानात एक प्रश्न हमखास पडतो: ‘कँडललाइट प्रोसेशनल’ हा नाताळचा सोहळा पाहायचा असेल, तर जेवणासह राखीव आसन देणारे महागडे पॅकेज घ्यावे की साध्या रांगेत उभे राहावे? हा निर्णय पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. पॅकेज चांगले की वाईट, असे सरसकट उत्तर देता येत नाही. मात्र आपल्या कुटुंबापुरते उत्तर काढण्याची एक सोपी रीत आहे आणि ती घरी बसून वापरता येते.

आधी सोहळा समजून घ्यावा

पैशांचा विचार करण्याआधी आपण नेमके काय पाहायला जाणार आहोत हे ठाऊक असावे, कारण निराश होऊन परतणारे बरेचसे प्रेक्षक चुकीच्या अपेक्षेने आलेले असतात. हा सोहळा १९५८ साली कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये सुरू झाला, १९७१ मध्ये फ्लोरिडातील मॅजिक किंगडम उद्यानात आला आणि १९९४ पासून एपकॉटमध्ये होतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर संपत येईपर्यंत चालणाऱ्या नाताळ महोत्सवात रोज संध्याकाळी त्याचे तीन प्रयोग होतात. पहिला पाचच्या सुमारास, दुसरा सातच्या आसपास आणि तिसरा आठ वाजून गेल्यावर असतो. नेमक्या वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीचे वेळापत्रक पाहूनच पुढचे ठरवावे.

एक प्रयोग साधारण ४० मिनिटांचा असतो. सुमारे ५० वादकांचा वाद्यवृंद आणि मोठा गायकसमूह नाताळची गीते सादर करतो आणि एक नामवंत निवेदक येशूच्या जन्माची कथा बायबलमधील वचनांतून वाचतो. निवेदक दर दोन-तीन दिवसांनी बदलतो. नील पॅट्रिक हॅरिस, व्हूपी गोल्डबर्ग, गॅरी सिनीज यांच्यासारखे कलाकार या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. शेवटाकडे हँडेलच्या ‘मसीहा’मधील हालेलूया समूहगान होते आणि प्रेक्षक उभे राहून ते ऐकतात. आरंभापासून अखेरपर्यंत सोहळ्याचे रूप गंभीर आणि भक्तिपर असते. त्यात मिकी येत नाही, नृत्यनाट्य नसते आणि रोषणाईचे खेळही नसतात. सहा-सात वर्षांखालील मूल एरवी शांत असले तरी ४० मिनिटे एका जागी बसून इंग्रजी निवेदन आणि समूहगान ऐकेल याची खात्री धरू नये, आणि अशा मुलासाठी पॅकेजचे वेगळे पैसे मोजण्याआधी दोनदा विचार करावा.

ज्यांच्या घरी नाताळ पिढ्यान्‌पिढ्या साजरा होतो त्या वसई, मुंबई, अहिल्यानगर किंवा गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना यातील बरीच गीते परिचयाची असतील. इतरांना, विशेषतः इंग्रजीचा सराव नसलेल्या आई-वडिलांना, आदल्या रात्री मराठी बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचून दाखवावा असे मी मनापासून सुचवेन. कथेचा धागा हाती आला की भाषेची अडचण निम्म्याने कमी होते. ही तयारी फुकट आहे आणि कोणत्याही राखीव आसनापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

पॅकेजमध्ये काय मिळते, काय मिळत नाही

एपकॉटमधील ठरावीक उपाहारगृहांपैकी एकात, सोहळ्याच्याच दिवशी, सकाळचे, दुपारचे किंवा रात्रीचे जेवण घ्यायचे आणि त्या जेवणासोबत एका ठरलेल्या प्रयोगासाठी राखीव भागात आसनाची हमी मिळवायची, असे या पॅकेजचे स्वरूप आहे. मेन्यूवरून पदार्थ मागवण्याच्या ठिकाणी प्रत्येकी एक स्टार्टर, एक मुख्य पदार्थ, एक गोड पदार्थ आणि एक मद्यविरहित पेय मिळते. बुफेच्या ठिकाणी बुफे असतो. एपकॉटच्या ‘वर्ल्ड शोकेस’ या भागात एका तलावाभोवती निरनिराळ्या देशांचे विभाग आहेत. उपाहारगृहांची यादी आणि दर दरवर्षी बदलतात. जर्मनी विभागातील बीअरगार्टन, कॅनडा विभागातील ल सेलिए, नॉर्वे विभागातील आकर्सहूस, तसेच कोरल रीफ आणि गार्डन ग्रिल ही नावे मागील वर्षांच्या याद्यांमध्ये आढळतात.

उद्यानाचे प्रवेश तिकीट या दरात धरलेले नसते. टिपही वेगळी द्यावी लागते आणि सहा किंवा अधिक जणांच्या गटाच्या बिलात ती १८ टक्के दराने आपोआप लावली जाते. मुलांचा दर ३ ते ९ वर्षांपर्यंत लागू होतो आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा दर पडतो. ताटात मोजकेच खाणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी हा फरक आधीच लक्षात घ्यावा.

सर्वांत जास्त गैरसमज ‘राखीव’ या शब्दाभोवती होतो. हमी मिळते ती राखीव भागात बसायला मिळण्याची. अमुक रांगेतील अमुक खुर्ची आपली असे कोणी लिहून देत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीचे तिकीट हाती असले तरी पुढची जागा लवकर येणाऱ्यालाच मिळते, तसेच येथे घडते. शिवाय प्रयोग सुरू होण्याआधी ठरावीक वेळेपर्यंत न पोहोचल्यास रिकाम्या जागा साध्या रांगेतील लोकांना दिल्या जातात. म्हणून पॅकेज घेतलेल्यांनाही मध्यभागी बसायचे असेल तर अर्धा-पाऊण तास आधी जावेच लागते. पॅकेजमुळे वाट पाहण्याचा काळ शून्यावर येत नाही, तो कमी होतो, आणि पुढचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

आसनाची खरी किंमत काढावी

पॅकेजचा दर पाहून ‘एवढे पैसे एका जेवणाला?’ असा प्रश्न विचारला जातो, परंतु तो प्रश्न आपल्याला कुठेच नेत नाही. आपण त्या दिवशी काहीतरी खाणारच आहोत. तेव्हा पॅकेजच्या एकूण खर्चातून, पॅकेज नसते तर आपण खरोखर जे खाल्ले असते त्याचा खर्च वजा करावा. उरलेली रक्कम ही आसनाची किंमत. ‘खरोखर’ हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. त्या उपाहारगृहात तीन पदार्थांचे जेवण वेगळे मागवले असते तर किती पडले असते, याची तुलना करून ‘आपले पैसे वसूल झाले’ असे समाधान करून घेणे सोपे असते; पण जो गोड पदार्थ आपण एरवी मागवलाच नसता, त्याची किंमत बचतीच्या बाजूला मांडता येत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेब दाखवण्यासाठी आहेत, ते कोणत्याही उपाहारगृहाचे दर नाहीत. पती-पत्नी, आजी-आजोबा आणि आठ वर्षांचे मूल असे पाच जणांचे कुटुंब आहे. पॅकेज मोठ्यांना ७५ डॉलर आणि मुलाला ३० डॉलर, म्हणजे एकूण ३३० डॉलर. याच उपाहारगृहात ते पॅकेजविना बसले असते तर मोठ्यांनी सरासरी ५२ डॉलरचे आणि मुलाने २२ डॉलरचे खाल्ले असते, म्हणजे एकूण २३० डॉलर. फरक १०० डॉलरचा, आणि त्यावरची २० टक्के टिप धरली तर १२० डॉलरचा. कर बाजूला ठेवला तर एका आसनाची किंमत २४ डॉलर झाली. आता समजा, या कुटुंबाचा उपाहारगृहात बसून जेवण्याचा मुळीच विचार नव्हता. काउंटरवरून घेऊन मोठ्यांनी १८ डॉलरचे आणि मुलाने १२ डॉलरचे खाल्ले असते, म्हणजे एकूण ८४ डॉलर, आणि तेथे टिपही द्यावी लागली नसती. पॅकेजचा टिपेसह खर्च ३९६ डॉलर. आसनांची किंमत झाली ३१२ डॉलर, म्हणजे प्रत्येकी ६२ डॉलरहून अधिक. पॅकेज तेच, कुटुंब तेच, पण आसन अडीचपटीहून महाग झाले. म्हणून दुसऱ्या कुटुंबाला पॅकेज ‘परवडले’ यावरून आपल्याला काहीच कळत नाही. ते एरवी कसे जेवतात हे कळल्याशिवाय त्यांच्या मताला अर्थ नाही.

बुफे किंवा ठरावीक दराच्या जेवणाच्या ठिकाणी हा हिशेब फार सरळ होतो, कारण तेथे नेहमीचा दर जाहीर असतो आणि पॅकेजचा दर त्याच्या शेजारी ठेवला की आसनाची किंमत लगेच दिसते. मेन्यूवरून मागवण्याच्या ठिकाणी मात्र कोण काय खातो यावर सारे अवलंबून राहते. पॅकेजचा दर सर्वांना सारखा असतो, त्यामुळे ल सेलिएसारख्या स्टेकसाठी प्रसिद्ध उपाहारगृहात मेन्यूतील महाग मांसाहारी पदार्थ निवडणाऱ्याला जवळपास सगळे पैसे जेवणातच परत मिळतात, तर शाकाहारी माणूस तेवढेच पैसे भरून मेन्यूतील स्वस्त पदार्थ खातो. आपल्याकडील अनेक घरांत एकाच टेबलावर दोन शाकाहारी, एक अंडे खाणारा आणि दोन मांसाहारी अशी मांडणी असते. प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडून मग बेरीज करावी. पूर्ण शाकाहारी कुटुंबाला मेन्यूवरून मागवण्याच्या महाग ठिकाणचे पॅकेज घेण्याचा सल्ला मी देणार नाही. वर्ल्ड शोकेसमध्ये अकरा देशांचे विभाग आहेत, त्यांत भारत नाही, आणि शाकाहारी पर्याय मागितल्यावर मिळत असला तरी त्यासाठी मोजलेली किंमत मनाला पटणे कठीण जाते.

आणखी एक बाब खास आपल्या घरांची आहे. मार्गशीर्ष महिना बहुधा याच काळात येतो. घरातील कोणी मार्गशीर्षातील गुरुवारचा उपवास करत असेल, किंवा एकादशी, चतुर्थी पाळत असेल, तर कॅलेंडर पाहूनच तारीख निवडावी. न खाल्लेल्या जेवणाचे पूर्ण पैसे भरावे लागले तर आसनाची किंमत पॅकेजच्या किमतीइतकीच होते.

वाचणारा वेळ मोजावा

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहावे. साध्या रांगेत किती वेळ जाईल हे तीन गोष्टींवर ठरते: निवेदक किती लोकप्रिय आहे, वार आणि तारीख कोणती आहे, आणि प्रयोग कितवा आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातील मधल्या वारी, फारसा गाजलेला निवेदक नसताना आणि शेवटच्या प्रयोगाला पाऊण तास आधी पोहोचलेले लोक आरामात बसतात. शनिवार-रविवारी, नाताळच्या आठवड्यात किंवा अतिशय लोकप्रिय निवेदक असताना रांग दीड-दोन तास आधीच लागते, आणि काही वेळा शेवटच्या लोकांना आत बसायला मिळत नाही.

वाचणारा वेळ म्हणजे रांगेतील संपूर्ण वेळ, असे धरू नये. साध्या रांगेत ७५ मिनिटे लागणार असतील आणि पॅकेज असूनही ३० मिनिटे आधी जावे लागणार असेल, तर बचत ४५ मिनिटांची आहे. त्यातून उपाहारगृहात बसून तीन पदार्थ खाण्यात गेलेला दीड तास कोणी मोजत नाही, पण तोही मोजला पाहिजे. ज्यांना निवांत बसून जेवणे हाच सुट्टीचा आनंद वाटतो, त्यांनी तो वेळ खर्चाच्या बाजूला धरू नये. ज्यांना तलावाभोवती हिंडायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र तो खरा खर्च आहे. महोत्सवाच्या काळात प्रत्येक देशाच्या विभागात तेथील सणांच्या कथा सांगणारे कलाकार असतात. इटलीत ला बेफाना ही भेटवस्तू वाटणारी म्हातारी भेटते, जपानमध्ये दारुमा बाहुल्यांचा विक्रेता गोष्ट सांगतो. शिवाय ठिकठिकाणी छोट्या बशांमध्ये निरनिराळे पदार्थ देणारी दालने उभारलेली असतात. माझ्या मते या महोत्सवातील खाण्याची खरी मौज तेथेच आहे, आणि दुपारी तीनला भरपेट जेवलेला माणूस त्या मौजेला मुकतो.

पॅकेज कोणाला खरोखर उपयोगी पडते

सर्व हिशेबांच्या वर एक गोष्ट ठेवावी लागते: बरोबर कोण आहे. सत्तरी ओलांडलेले आई-वडील, गुडघ्यांची तक्रार, दिवसभराची पायपीट, आणि त्यावर सव्वा तास उभे राहणे. वर्ल्ड शोकेसची तलावाभोवतीची एक फेरी सुमारे २ किलोमीटरची आहे आणि सोहळ्याचे अमेरिका गार्डन्स थिएटर तिच्या अगदी पलीकडच्या टोकाला आहे. अशा वेळी आसनाची किंमत प्रत्येकी ३०-४० डॉलर पडली तरी ती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आई-वडील ही सहल वारंवार करणार नाहीत, आणि दमून कंटाळलेल्या अवस्थेत बसलेल्या माणसाला सुंदर संगीतही नकोसे वाटते. थिएटर उघड्यावर आहे. ऑरलँडोत डिसेंबरच्या रात्री तापमान १० ते १५ अंशांपर्यंत उतरते आणि थंडीची लाट आली तर त्याहूनही खाली जाते. दिवसा पातळ कपड्यांत वावरलेल्या वडीलधाऱ्यांना संध्याकाळी शाल, कानटोपी आणि मोजे लागतात, मग पॅकेज असो वा नसो.

एखाद्या विशिष्ट निवेदकासाठीच जाणाऱ्यांनी, किंवा २० डिसेंबरनंतरची एकच संध्याकाळ हाती असणाऱ्यांनीही पॅकेजचा गंभीर विचार करावा. तसेच मुलांना ज्या जेवणाला न्यायचेच होते, उदाहरणार्थ आकर्सहूसमधील डिस्नेच्या राजकन्यांच्या भेटीचे किंवा गार्डन ग्रिलमधील चिप आणि डेल या कार्टून पात्रांच्या भेटीचे, ते त्या वर्षीच्या यादीत असेल तर आसनाची किंमत फार थोडी पडते आणि अशी संधी सोडू नये.

याउलट ऑरलँडो किंवा टॅम्पा परिसरात राहणाऱ्या वार्षिक पासधारकांना पॅकेजची गरज क्वचितच भासते. त्यांनी डिसेंबरच्या आरंभी एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी शेवटच्या प्रयोगाला जावे. ज्यांना सोहळा पूर्ण पाहायचा आहे की नाही याचीच खात्री नाही, त्यांनी थिएटरच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या वाटेवर उभे राहून पाहावा. तेथून मंच लांब दिसतो, पण समूहगान आणि वाद्यवृंद स्पष्ट ऐकू येतो, त्यासाठी रांग लावावी लागत नाही आणि लहान मूल रडू लागले तर निघून जाता येते.

आरक्षण करताना

एरवी डिस्नेच्या उपाहारगृहांचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, परंतु या पॅकेजचे आरक्षण वेगळ्या जाहीर तारखेला आणि बरेच आधी सुरू होते, म्हणून उन्हाळ्यापासूनच अधिकृत संकेतस्थळावर लक्ष ठेवावे. भारतातून आरक्षण करणाऱ्यांनी वेळेचा फरक लक्षात घ्यावा: उन्हाळी वेळ लागू असताना ऑरलँडोत सकाळचे ६ वाजतात तेव्हा भारतात दुपारचे ३:३० झालेले असतात. भारतीय क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराची सुविधा आपण स्वतः सुरू करावी लागते. ती आदल्या दिवशीच सुरू करून ठेवावी आणि बँक परकीय चलनावर किती शुल्क घेते तेही पाहावे, कारण ते आसनाच्या किमतीतच मिळवायचे आहे.

आरक्षण पक्के करण्यापूर्वी रद्द करण्याची अट शब्दन्‌शब्द वाचावी. पैसे केव्हा कापले जातात, किती आधी रद्द केल्यास परत मिळतात, आणि पावसामुळे प्रयोग झाला नाही तर काय, हे तीन मुद्दे तेथे शोधावेत. निवेदकांची यादी आयत्या वेळी बदलू शकते, म्हणून केवळ निवेदकाच्या नावावर मोठा खर्च करणाऱ्याने ही शक्यता गृहीत धरावी.

जेवणाची आणि प्रयोगाची वेळ यांच्यात भरपूर अंतर ठेवावे. दुसऱ्या प्रयोगाचे आसन असेल तर दुपारी तीनच्या सुमारासचे जेवण उत्तम, कारण सेवा रेंगाळली तरी धावपळ होत नाही. जागेचाही विचार करावा. जर्मनी विभाग थिएटरपासून एकच देश ओलांडून आहे, तर कॅनडाचा विभाग आणि उद्यानाच्या पुढील भागातील कोरल रीफ व गार्डन ग्रिल बरेच दूर आहेत. वयस्करांसोबत हे अंतर पंधरा-वीस मिनिटे सहज घेते. शेवटच्या प्रयोगाचे आसन घेताना त्या रात्रीच्या आतषबाजीची वेळ ताडून पाहावी, कारण दोन्ही एकमेकांवर आल्यास एकावर पाणी सोडावे लागते.

डिसेंबरमधील इतर जाहिरातींशी याची गल्लत करू नये. मॅजिक किंगडममध्ये नाताळनिमित्त रात्री होणाऱ्या पार्टीला उद्यानाच्या तिकिटाहून वेगळे तिकीट लागते आणि तेथील गोड पदार्थांच्या पार्टीचे पैसे त्याहूनही वेगळे असतात. हॉलीवूड स्टुडिओज उद्यानातील ‘फँटास्मिक’ या रात्रीच्या खेळासाठीही जेवण आणि आसन असे पॅकेज मिळते आणि तेथे वर दिलेला हिशेब जसाच्या तसा लागू पडतो.

प्रत्यक्ष त्या दिवशी जेवणाच्या ठिकाणी राखीव आसनाची जी खूण किंवा पास मिळेल तो कुटुंबातील एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा आणि टेबल सोडण्यापूर्वी कोणत्या प्रवेशद्वाराने किती वाजेपर्यंत पोहोचायचे हे सेवकाकडून स्पष्ट विचारून घ्यावे. थिएटरजवळ पॅकेजधारकांची आणि साधी अशा दोन रांगा असतात. आपण योग्य रांगेत आहोत ना, हे तेथील कर्मचाऱ्याला विचारावे. बसण्यापूर्वी सर्वांनी स्वच्छतागृहात जाऊन यावे. आणि ज्यांचा मुक्काम स्कायलायनर या डिस्नेच्या केबल-कारच्या मार्गावरील हॉटेलात आहे, त्यांनी सोहळा संपल्यावर मुख्य प्रवेशद्वाराकडे न वळता जपान, मोरोक्को आणि फ्रान्सच्या बाजूने इंटरनॅशनल गेटवे या उद्यानाच्या दुसऱ्या प्रवेशद्वाराकडे जावे. थकलेल्या पायांना तो रस्ता बराच जवळचा पडतो.